डोंगर ओलांडून तळ्यात उतरलेल्या दोन मोटारबोटी

१. १९१५ साली ब्रिटिश नौदलाच्या दोन मोटारबोटी आफ्रिकेतील एका डोंगररांगेवरून ओढत नेल्या गेल्या. त्या ज्या पाण्यात उतरायच्या होत्या, ते सर्वांत जवळच्या समुद्रापासून शेकडो मैल दूर होते. पहिल्या महायुद्धातील ही एक विलक्षण मोहीम. त्यातील लढाया अल्पकाळ चालल्या; खरी झुंज वाटेवरच झाली.

२. टांगानिका हे सुमारे ६७० किलोमीटर लांबीचे सरोवर. पूर्वेस जर्मन वसाहत, पश्चिमेस बेल्जियन काँगो. सरोवरावर जर्मनांच्या सशस्त्र बोटी निर्वेधपणे फिरत. ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती दोन्ही काठ, अशी ही स्थिती होती.

३. एप्रिल १९१५ मध्ये जॉन ली नावाच्या शिकाऱ्याने लंडनमध्ये नौदलापुढे एक योजना मांडली : वेगवान मोटारबोटी केपटाऊनपर्यंत जहाजाने, पुढे रेल्वेने आणि उरलेली वाट जंगलातून न्याव्यात. योजना मंजूर झाली. नेतृत्व कमांडर जेफ्री स्पायसर-सिम्सन यांच्याकडे आले.

४. बोटी थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या, सुमारे ४० फुटी, लाकडी अंगाच्या. प्रत्येकीत १०० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने, वेग सुमारे १९ नॉट. स्पायसर-सिम्सन यांनी सुचवलेली ‘कॅट’ आणि ‘डॉग’ ही नावे नौदलाने नाकारली. तेव्हा ‘मिमी’ आणि ‘तूतू’ ही नावे पुढे आली. अर्थ तोच, केवळ फ्रेंच बालभाषेत!

५. जूनमध्ये निघालेल्या बोटी ऑगस्टच्या आरंभी काँगोतील फुंगुरुमे येथे पोहोचल्या. तेथे रूळ संपले. पुढे सांकिसियापर्यंत सुमारे १४६ मैलांचे रान आणि मध्ये मितुंबा पर्वत. बोटी चाकांच्या गाड्यांवर चढवल्या गेल्या आणि त्यांना वाफेवर चालणारी दोन ओढयंत्रे जुंपण्यात आली.

६. येथून यंत्रांची परीक्षा सुरू झाली. भुसभुशीत मातीत जड चाके रुतत. यंत्राच्या भाराखाली लाकडी पूल खचत. ओढे-नाले ओलांडण्यासाठी शंभराहून अधिक पूल बांधावे लागले. तीव्र चढावर वाफेची शक्तीही अपुरी पडे. मग बैलांच्या जोड्या, झाडांना बांधलेल्या कप्प्या आणि दोरखंड यांच्या साहाय्याने बोटी इंचाइंचाने वर चढत.

७. बॉयलरला पाणी हवे, आणि पाणी तर दुर्मीळ. जवळपासच्या गावांतील स्त्रियांनी डोक्यावर भांडी घेऊन कित्येक मैलांवरून ते आणले. शेकडो काँगोली मजुरांनी वाट तोडली, पूल रचले, दोर ओढले. अधिकाऱ्यांना पदके मिळाली; या माणसांची नावे मात्र इतिहासाच्या पानांवर क्वचितच आढळतात. यंत्रयुगाच्या या पराक्रमाचा पाया मानवी श्रमाचा होता.

८. २८ सप्टेंबरला सांकिसिया आले. तेथून अरुंद रुळांनी बुकामा आणि मग लुआलाबा नदी. कोरड्या ऋतूत पाणी उथळ. बोटी पुनःपुन्हा वाळूत अडकत, आणि माणसे पाण्यात उतरून त्यांना ढकलत. २२ ऑक्टोबरला काबालो गाठले. तेथून पुन्हा रेल्वेने सरोवराकाठचे लुकुगा.

९. डिसेंबरच्या अखेरीस बोटी सरोवरात उतरल्या आणि २६ डिसेंबरला ‘किंगानी’ ही जर्मन बोट समोर आली. अवघ्या काही मिनिटांत ती ब्रिटिशांच्या हाती पडली. तिला डागडुजी करून ‘फिफी’ या नावाने ब्रिटिश ताफ्यात घेतले गेले. ९ फेब्रुवारी १९१६ रोजी याच ‘फिफी’ने ‘मिमी’च्या साथीने ‘हेडविग फॉन विसमान’ बुडवली. ऐन पाठलागात ‘फिफी’च्या तोफेत गोळा अडकला होता, तो निघेपर्यंत सुमारे वीस मिनिटे गेली.

१०. उरली होती ती सर्वांत मोठी ‘ग्योत्झन’. तिचेही सुटे भाग जर्मनीतून पेट्यांत भरून आणले होते आणि ती सरोवराकाठी जोडली होती. तिच्यावर चाल करण्याचे स्पायसर-सिम्सन यांनी टाळले. बेल्जियन फौजा जवळ आल्यावर जुलै १९१६ मध्ये जर्मनांनी स्वतःच तिला बुडवले. मात्र बुडवण्यापूर्वी अभियंत्यांनी तिच्या इंजिनांवर ग्रीसचा जाड थर चढवला.

११. तो थर फळाला आला. १९२४ मध्ये ब्रिटिशांनी तिला वर काढले तेव्हा यंत्रे दुरुस्त करण्याजोगी निघाली. १९२७ पासून ती ‘लिएम्बा’ या नावाने प्रवासी वाहू लागली आणि पुढे अनेक दशके त्याच सरोवरावर धावत राहिली. ज्या सरोवरासाठी दोन साम्राज्यांनी रान तुडवले, त्यावर अखेर कोणतेही साम्राज्य टिकले नाही. टिकले ते जाणत्या हातांनी जपलेले जहाज.