मॅकलेगन, इयन
(१२ मे १९४५ – ३ डिसेंबर २०१४). इंग्लिश रॉक कीबोर्डवादक व गीतकार. जन्म लंडनजवळच्या हाउन्स्लो येथे. बुकर टी. जोन्सच्या वादनाने भारावून तो हॅमंड ऑर्गनकडे वळला. १९६५ मध्ये ‘स्मॉल फेसेस’ मध्ये दाखल झाला. १९६९ नंतर रॉड स्ट्युअर्ट व रॉनी वुड यांच्यासह ‘फेसेस’ मध्ये वाजवू लागला. रोलिंग स्टोन्सच्या ‘मिस यू’ (१९७८) या गाण्यातील इलेक्ट्रिक पियानो त्याचाच. १९७८ व १९८१ च्या त्यांच्या दौऱ्यांत, तसेच १९८४ मध्ये बॉब डिलनच्या युरोप दौऱ्यातही तो होता. गायकाला मोकळी जागा देऊन नेमक्या क्षणी ठेका उचलून धरणे, हे त्याचे खरे सामर्थ्य. म्हणूनच इतके दिग्गज त्याला सोबत नेत. मात्र त्याला केवळ साथीदार मानणे अन्यायाचे ठरेल. १९९४ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्थायिक झाल्यावर ‘बंप बँड’ सह तो लहान क्लबांतून स्वतःची गाणी गात राहिला. पत्नी किम हिच्या अपघाती मृत्यूनंतरचा ‘नेव्हर से नेव्हर’ (२००८) हा अल्बम त्याच्या गीतलेखनातील सर्वांत हळवा व परिपक्व टप्पा होय. ‘युनायटेड स्टेट्स’ (२०१४) हा अखेरचा अल्बम. ऑस्टिन येथे त्याचे निधन झाले.