बाकावरच्या आज्या

आजची गोष्ट आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशातली आहे. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांची. त्यांचं नाव डिक्सन चिबांडा.

चिबांडा डॉक्टरकी शिकायला युरोपात गेले, तेव्हा मनोविकारांचा डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. शिकत असतानाच त्यांच्या एका वर्गमित्राने आत्महत्या केली. त्या धक्क्याने त्यांची वाट बदलली.

शिकून ते मायदेशी परतले. देशात माणसं एक कोटीहून जास्त आणि मनोविकारतज्ज्ञ मात्र जेमतेम डझनभर. 2005 च्या सुमारास त्यांची एक तरुण रुग्ण होती. तिचं घर दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. आईने तिला दाखवायला आणायचं ठरलं होतं, पण त्या दोघी आल्याच नाहीत. पुढे आईचा फोन आला, तो मुलीने जीव दिल्याचा. "वेळेवर का आणलं नाही?" असं विचारल्यावर आईने सांगितलं, की बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते.

औषध होतं, डॉक्टर होता, आईची तयारी होती. अडलं ते भाड्यापाशी. दवाखान्यात बसून रुग्णाची वाट बघणं पुरेसं नाही, हे चिबांडांना तेव्हा कळलं.

2005 मध्येच तिथल्या सरकारने शहरांमधल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात लाख लोकांचं घर तरी गेलं, नाहीतर पोट तरी. राजधानी हरारेतल्या म्बारे वस्तीत काहीतरी करा, असं चिबांडांना सांगण्यात आलं. पण द्यायला ना नर्स होत्या, ना खोली. मिळाल्या त्या फक्त 14 आज्या, वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या. मग दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवला आणि 2006 मध्ये काम सुरू झालं.

डॉक्टरांनी त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं. आज्या म्हणाल्या, या नावाच्या बाकावर कोण बसेल? लोक वेडं म्हणतील! त्यांनी नाव सुचवलं, 'मैत्रीचा बाक'. पुस्तकी शब्दही त्यांनी बाजूला ठेवले. तिथल्या शोना भाषेत जिवाला लागलेल्या घोराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आज्या तोच शब्द वापरत. आधी मन उघडू द्यायचं, मग माणसाला उभारी द्यायची, मग बळ द्यायचं. अनेक अडचणींमधली एकच निवडायची आणि तिच्यावरचा उपाय त्या बाईलाच शोधू द्यायचा. अशा साधारण सहा बैठका.

कोणाला मदतीची गरज आहे, हे ओळखायला 14 साधे प्रश्न होते. ते तयार झाले 1990 च्या दशकात हरारेत, आणि त्या कामात होते मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल. त्यांनी पुढे 1996 मध्ये गोव्यात सहकाऱ्यांसोबत 'संगाथ' संस्था सुरू केली. त्या संस्थेने आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्येही गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून असंच काम केलं.

बाकाचा उपयोग होतो का, हे 573 रुग्णांवर तपासलं गेलं. 2016 मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची उदासी, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी झालेली होती.

सख्यांनो, आज्या डॉक्टर झाल्या नाहीत. ज्याचं दुखणं जास्त, त्याला त्या पुढे डॉक्टरांकडे पाठवत. आपणही एवढं लक्षात ठेवू. गटातली एखादी बाई बैठकीला येईनाशी झाली, हप्ता चुकवू लागली, तर हप्त्याआधी तिची विचारपूस करू. "जगावंसं वाटत नाही" असं ती म्हणाली, तर तिला एकटं सोडायचं नाही. डॉक्टरांकडे सोबत जायचं. 14416 हा सरकारचा 'टेली मानस' फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि एसटीच्या भाड्यासाठी अडत असेल, तर गटाची पेटी आहेच की.