अंधारांतील छायाचित्रण

छायाचित्रण ही मूळची सूर्याच्या आश्रयानें वाढलेली कला. १८३९ मध्यें फ्रान्समध्यें दागेर यांची कृति जाहीर झाली, तेव्हांपासून कित्येक वर्षें ‘ऊन असेल तर चित्र’ हाच या कलेचा पहिला नियम होता. परंतु महाराष्ट्रांत जें जें पाहण्याजोगें आहे, त्यांतील पुष्कळसें अंधारांतच आहे. लेण्यांचे अंतर्भाग, देवळांचे गाभारे, जुन्या वाड्यांचीं माजघरें, येथें ऊन पोंचतच नाहीं. तेव्हां या अंधाराचें चित्र घ्यावें तरी कसें?

या प्रश्नाचा इतिहास अजिंठ्यास सुरू होतो. मद्रासच्या सैन्यांतील अधिकारी रॉबर्ट गिल यांस १८४४ मध्यें तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम मिळालें. त्यांनीं पुढें कॅमेराहि हातीं घेतला, आणि १८६४ मध्यें फर्ग्युसन यांच्या ग्रंथांत त्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. परंतु त्या काळची पद्धति ओल्या काचेची होती. काचेवरील रासायनिक लेप वाळण्यापूर्वींच सर्व क्रिया उरकावी लागे. शिवाय तो लेप निळा प्रकाश चटकन् टिपी, तांबड्या-पिवळ्यास मात्र जवळजवळ आंधळा असे. अजिंठ्याची भिंत तर गेरूनें आणि पिवडीनें रंगलेली! म्हणून रंगांसाठीं कुंचल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

आणि कुंचल्याच्या त्या श्रमांचें काय झालें? गिल यांचीं बहुतेक चित्रें १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळालीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हां नकला केल्या. त्यांपैकीं पुष्कळ १८८५ मध्यें लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ चित्रें झिजत होतीं आणि नकला जळत होत्या. एका वस्तूची एकच प्रत असणें किती धोक्याचें, हें या दोन आगींनीं शिकविलें.

मध्यंतरीं सूर्यास पर्याय शोधण्याचे यत्न चाललेच होते. १८६५ मध्यें ज्योतिषी पियाझी स्मिथ यांनीं मॅग्नेशियमची तार जाळून इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आंतील चित्रें घेतलीं. १८८७ मध्यें जर्मनींत झगझगाटी चूर्ण निघालें. त्यानें क्षणभर लखलखाट होई, मागाहून धुराचा लोट उठे, आणि प्रसंगीं स्फोटहि होई. पुढें १९३० च्या सुमारास काचेचे दिवे आल्यामुळें धूर गेला. दोष मात्र राहिला. अंतर दुप्पट झालें कीं असा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. त्यामुळें जवळचा खांब पांढराफटक पडतो आणि मागची मूर्ति काळोखांत बुडते. समोरून आदळणारा प्रकाश सावल्या पुसून टाकतो, आणि सावलीवांचून शिल्पास उठाव कोठून यावा?

दुसरा मार्ग धीराचा. असेल तेवढ्याच प्रकाशांत कॅमेरा निश्चल ठेवावा आणि त्याचा डोळा दीर्घकाळ उघडा राहूं द्यावा. बिनॉय बहल यांनीं १९९१ मध्यें अजिंठ्याचीं चित्रें अत्यंत मंद प्रकाशांत याच मार्गानें टिपलीं. प्रखर प्रकाशाचा उपसर्ग न होतां तेथील रंग जगास दिसले.

आज हाच मार्ग खिशांतील मोबाइलमध्यें आला आहे. १९६९ मध्यें अमेरिकेंत बॉइल आणि स्मिथ यांनीं प्रकाशाचें विद्युत्‌भारांत रूपांतर करून तो साठविणाऱ्या चकतीची कल्पना मांडली. मोबाइलमधील चकती नखाएवढी किंवा त्याहूनहि लहान असते. तीवर थोडाच प्रकाश पडतो, म्हणून चित्रांत रवा दिसतो. २०१८ च्या सुमारास कांहीं फोनांत रात्रीच्या चित्रणाची सोय आली. फोन एकामागून एक अनेक चित्रें घेतो, तीं जुळवितो आणि त्यांची सरासरी काढतो. सोळा चित्रें एकत्र केलीं तर हा रवा सुमारें चौथाईवर येतो. हात फार हलला तर मात्र ही जुळणी बिघडते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत या विद्येची परीक्षा पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. भीमेच्या कांठीं सिद्धटेकचें सिद्धिविनायकाचें मंदिर आहे. त्याचा गाभारा अहिल्याबाई होळकरांनीं बांधविला, असें मानितात. राशीनच्या देवीचें देऊळ आणि तेथील दीपमाळा प्रसिद्धच आहेत. अशा स्थळीं प्रथम अनुमति विचारावी. मनाई असेल तेथें फोन खिशांतच शोभतो. अनुमति असेल तर झगझगाट बंद ठेवावा. कॅमेऱ्याची कांच मऊ फडक्यानें पुसावी, कारण बोटाचा तेलकट ठसा प्रत्येक ज्योतीभोंवतीं धुकें पसरवितो. कोपर खांबास टेकवून, श्वास रोखून, दोन-तीन सेकंदांचा विलंब लावून चित्र घ्यावें, म्हणजे बोटाच्या दाबानें फोन हलत नाहीं. चित्र बोटांनीं मोठें करण्यापेक्षां चार पावलें पुढें जावें. पडद्यावर समईच्या ज्योतीस स्पर्श करून उजेड किंचित् उतरवावा. ज्योत एकदां पांढरी झाली कीं तींतील रंग मागाहून परत आणतां येत नाहीं. काळोख मात्र नंतर थोडा उजळतां येतो.

एवढा खटाटोप कशासाठीं? जीर्णोद्धार होतात, दगडावर रंगाचे थर चढतात, वाडे पडतात, समयांच्या जागीं विजेचे दिवे येतात. हें सर्व थांबविणें कोणाच्याच हातीं नाहीं. पण गांवोगांवच्या माणसांनीं आज आपल्या अंधाऱ्या कोनाड्यांचें, तुळयांचें आणि मूर्तींचें स्वच्छ चित्र घेतलें, त्यावर स्थळ व तारीख लिहिली, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवल्या, तर एका आगींत सर्व कांहीं जाण्याचें भय उरणार नाहीं. गिल आणि ग्रिफिथ्स यांस जें साधन मिळालें नाहीं, तें आज शाळेंतील मुलाच्याहि हातीं आहे. धीर मात्र ज्याचा त्यानेंच आणावयाचा आहे.