१६७ धावा, स्वारगेट

३ मे १९९५. किंग्स्टन, जमैका. ऑस्ट्रेलियानं वेस्ट इंडीजला डावानं हरवून कसोटी मालिका जिंकली. १९८० नंतर विंडीजनं गमावलेली ही पहिली मालिका. कर्णधार रिची रिचर्डसन नुकताच परतला होता. अतिथकव्याचं निदान झाल्यानं डॉक्टरांनी त्याला सक्तीची विश्रांती दिली होती आणि भारत व न्यूझीलंडचे दौरे त्याच्याविना झाले. त्या काळात संघ कोर्टनी वॉल्शनं सांभाळला. रिचर्डसन परतला तो थेट कर्णधारपदावर, आणि तेही सर्वांत कठीण मालिकेत.

पंधरा वर्षं हा संघ क्रिकेटमधला हेवीवेट होता. मुष्टियुद्धात असा एक दिवस आधी येऊन गेला होता. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसनं दहाव्या फेरीत माइक टायसनला झोपवलं. लास व्हेगासमध्ये डग्लसचा भाव ४२ ला १ होता. आठव्या फेरीत टायसननं त्याला पाडलं होतं, तो उठला. टायसनच्या कोपऱ्यातल्या लोकांनी डोळ्याची सूज उतरवायचं साधनसुद्धा बरोबर आणलेलं नव्हतं. तयारी करायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

१९९५ ची अखेर. ब्रायन लारानं ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून माघार घेतली. आदल्या वर्षी ३७५ आणि नाबाद ५०१ करणारा हाच फलंदाज. १९९५ च्याच उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये, तो काही दिवस संघ सोडून गेला होता. विश्वचषकासाठी तो परत आला. संघात सगळं ठीक नाही हे यानंतर कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

३१ जानेवारी १९९६. कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर बॉम्बहल्ला. ९० हून अधिक मृत्यू. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी तिथं विश्वचषकाचे सामने खेळायला नकार दिला.

१६ फेब्रुवारी, हैदराबाद. झिम्बाब्वेवर सहा गड्यांनी विजय. दोन गुण.

२१ फेब्रुवारी, ग्वाल्हेर. भारताविरुद्ध पूर्ण ५० षटकांत सर्व बाद १७३. सचिन तेंडुलकरनं ७० केल्या, भारत पाच गड्यांनी जिंकला. लारा दोन धावांवर यष्टीमागे झेलबाद ठरला आणि त्या निर्णयावर बरीच चर्चा झाली. मला वाटतं, चर्चा १७३ या आकड्यावर व्हायला हवी होती.

२५ फेब्रुवारी. कोलंबोतला सामना न खेळता सोडला. दोन गुण श्रीलंकेला. या निर्णयाबद्दल संघाला दोष देता येणार नाही, पण त्याचा परिणाम असा झाला की आठ दिवस विंडीज एकही सामना खेळले नाहीत.

त्याच आठवड्यात केनिया मात्र सतत खेळत होता. हा त्यांचा पहिलाच विश्वचषक. १८ तारखेला कटकमध्ये भारताकडून हार, २३ ला विशाखापट्टणममध्ये ऑस्ट्रेलियाकडून. २६ ला पाटण्यात झिम्बाब्वेविरुद्धचा सामना पावसानं अर्ध्यात थांबला, २७ ला पुन्हा पहिल्यापासून खेळवला, तोही हरले. सलामीचा दीपक चुडासामा व्यवसायानं दंतवैद्य. संघाला शिकवायला आपले हनुमंत सिंग. तीन पराभव पदरी घेऊन ते पुण्याला निघाले. हातात दोन रात्री होत्या.

२९ फेब्रुवारी, गुरुवार. स्वारगेट, नेहरू स्टेडियम. एस.टी. स्टँड हाकेच्या अंतरावर, समोर सारसबाग, वर पर्वती. वेस्ट इंडीजच्या खात्यात तीन सामन्यांतून दोन गुण. पुढे जयपूरला ऑस्ट्रेलिया. केनियाचे दोन गुण जमेत धरूनच बाकीची गणितं मांडलेली होती.

नाणेफेक. रिचर्डसननं जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. अँब्रोज, वॉल्श, बिशप, कफी असे चार वेगवान गोलंदाज हाताशी असताना कुणीही हेच केलं असतं. यष्टींमागे जिमी अॅडम्स, जो मुळात फलंदाज.

पहिलं सत्र. वॉल्शनं चुडासामा, तारिक इक्बाल आणि केनेडी ओटिएनो यांना परत पाठवलं. कर्णधार मॉरिस ओडुम्बे बिशपच्या चेंडूवर स्वयंचीत, ६ धावा. स्टीव्ह टिकोलोनं २९ केल्या, त्याला रॉजर हार्परनं बाद केलं.

६ बाद ८१. इथं डाव शंभरीच्या आसपास आटोपायला हवा होता.

सातवी जोडी. हितेश मोदी आणि थॉमस ओडोयो. मोदी २८, ओडोयो २४. एकही मोठा फटका आठवणीत राहावा असा नाही. दोघे नुसते उभे राहिले. मधूनमधून पंचांचे हात आडवे पसरत होते. वाइड, नोबॉल, पुन्हा वाइड.

४९.३ षटकं. केनिया सर्व बाद १६६. धावफलकावर सर्वांत मोठा आकडा कुणाही फलंदाजाचा नव्हता. अवांतर ३५. त्यात १४ वाइड, १३ नोबॉल, ८ लेगबाय. हार्परनं केवळ १५ धावांत तीन बळी घेतले होते. चेंडू संथ आला की या खेळपट्टीवर फटका मारणं अवघड, हे विंडीजच्याच ऑफस्पिनरनं दाखवून दिलं होतं. केनियाचा कर्णधारही ऑफस्पिनच टाकत असे.

मध्यंतर. हव्या होत्या १६७. आठ दिवसांपूर्वी याच फलंदाजांनी ५० षटकांत १७३ केल्या होत्या, आणि त्या करताना सगळे बाद झाले होते.

१४९ बाकी. धावफलकावर १८. रिचर्डसन सलामीला आलेला. रजब अलीचा मध्यमगती चेंडू, त्रिफळा. ५ धावा.

१४५ बाकी. शेर्विन कॅम्पबेल, मार्टिन सुजीच्या चेंडूवर त्रिफळा. ४ धावा.

१३४ बाकी. लारा आठवर होता. तो घाईत होता, हे त्याच्या बॅटच्या प्रत्येक फेऱ्यात दिसत होतं. रजब अलीच्या चेंडूची कड लागली. मागे तारिक इक्बाल, अंगानं भरलेला, चष्मा लावणारा, चेंडू अडवताना धडपडणारा. त्याच्याकडून झेल सुटणं हेच अपेक्षित होतं. हातमोजे, छाती, पोट, असा कसाबसा त्यानं तो धरला. चेंडू खाली पडला नाही. सामना माझ्या मते इथं गेला, कारण यानंतर धावांची घाई नव्हे, भीती दिसू लागली.

१३२ बाकी. कीथ आर्थरटन धावचीत. शून्य.

षटकामागे साडेतीन-चार धावा पुरे होत्या. दिवसभर उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. मोदी आणि ओडोयोनं सकाळी नेमकं तेच केलं होतं. पण ओडुम्बे गोलंदाजीला आला आणि धावा थांबल्या. दहा षटकं, १५ धावा, तीन बळी. हार्परच्या आकड्यांची जणू नक्कल.

११२ बाकी. शिवनारायण चंदरपॉल १९, झेल टिकोलो. डावातली ही सर्वोच्च धावसंख्या ठरणार होती.

१०२ बाकी. अॅडम्स ९, झेल मोदी.

८९ बाकी. हार्पर १७, पुन्हा इक्बालच्याच हातात. दोन आकडी मजल गाठणारा दुसरा आणि शेवटचा फलंदाज. एव्हाना पुणेकर केनियाच्या प्रत्येक चेंडूला ओरडत होते.

८६ बाकी. अँब्रोज धावचीत.

७८ बाकी. वॉल्श ४, असिफ करीमच्या चेंडूवर झेल चुडासामा.

३५.२ षटकं. रजब अलीनं कफीचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडीज सर्व बाद ९३. ८८ चेंडू न खेळता शिल्लक. केनिया ७३ धावांनी विजयी, सामनावीर ओडुम्बे.

४ मार्च, जयपूर. रिचर्डसन नाबाद ९३. ऑस्ट्रेलियावर चार गड्यांनी विजय. स्वारगेटला अख्ख्या संघानं जेवढ्या केल्या, तेवढ्या त्यानं चार दिवसांनी एकट्यानं केल्या.

११ मार्च, कराची. लाराच्या १११. दक्षिण आफ्रिका १९ धावांनी बाहेर.

१४ मार्च, मोहाली. उपांत्य फेरी, पुन्हा ऑस्ट्रेलिया. विजयासाठी २०८, धावफलक २ बाद १६५. तिथून आठ गडी ३७ धावांत गेले. अखेरच्या षटकात दहा हव्या होत्या. फ्लेमिंगच्या पहिल्या चेंडूवर रिचर्डसननं चौकार मारला. मग अँब्रोज धावचीत, मग वॉल्शचा त्रिफळा. पाच धावांनी हार. रिचर्डसन नाबाद ४९. वेस्ट इंडीजसाठी तो पुन्हा खेळला नाही.