नोकरीच्या अर्जावरचे छायाचित्र : कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी

नोकरीचा अर्ज, कंपनीचे संकेतस्थळ, लिंक्डइनवरील खाते किंवा परिषदेची पत्रिका यांसाठी खांद्यापासून वरचे जे छायाचित्र काढले जाते, त्याला छायाचित्रकार ‘हेडशॉट’ म्हणतात. पासपोर्ट आकाराच्या छायाचित्राशी त्याची नेहमी गल्लत होते. व्हिसाच्या छायाचित्राला ठरीव मापे असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या व्हिसासाठी ते ५१ मिलिमीटर लांब-रुंद, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आणि गेल्या ६ महिन्यांतले असावे लागते. वैद्यकीय कारण वगळता १ नोव्हेंबर २०१६ पासून त्यात चष्माही चालत नाही. हेडशॉटला असे बंधन नाही. त्याची कसोटी एकच : मुलाखतीच्या खोलीत शिरलेली व्यक्ती आणि अर्जावरची व्यक्ती एकच आहे, हे समोरच्याला पाहताक्षणी पटले पाहिजे.

तयारीही याच कसोटीवर ठरवावी. केस कापायचे ते आठवडाभर आधी, म्हणजे नवेपणा जातो. भुवया कोरणे दोन-तीन दिवस आधी उरकावे. फेशियल किंवा ब्लीच आदल्या दिवशी मुळीच करू नये, कारण त्वचा लालसर झाली तर दिवे ती लपवत नाहीत. रोज दाढी राखणाऱ्याने त्या दिवसापुरती ती काढण्यात अर्थ नाही. कुंकू, मंगळसूत्र, चमकी यांचेही तसेच. जे नित्य अंगावर असते ते राहू द्यावे. चष्मा नेहमीचा असेल तर तो लावूनच बसावे. काचेवर दिव्याची तिरीप येत असल्यास चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की बहुधा काम भागते.

कपडे एकरंगी असावेत. बारीक रेघांच्या किंवा बारीक चौकड्यांच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती नंतर पुसणे कठीण जाते. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा विरून जातो. गडद निळा, बाटली-हिरवा, मातकट लाल हे रंग सावळ्या-गव्हाळ वर्णावर चांगले उठतात. दोन-तीन पर्याय सोबत न्यावेत आणि ते हँगरवर न्यावेत, कारण घडीची चुरगळ छायाचित्रात ठळक दिसते. साडी असेल तर खांद्यावरच्या निऱ्या आधीच पिनेने बसवून घ्याव्यात. गोव्याच्या दमट हवेत स्टुडिओत पोचताच कॅमेऱ्यासमोर बसणे हा उतावीळपणा होय. पंधरा-वीस मिनिटे आधी जावे, घाम सुकू द्यावा, टिपकागदाने कपाळ टिपावे. दुचाकीवरून येणाऱ्याने कंगवा विसरू नये. हेल्मेटखाली केसांची काय दशा होते हे सर्वांना ठाऊक आहे.

मोबाइलवर हात लांबवून काढलेली सेल्फी या कामी निरुपयोगी ठरते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की त्याच्या पुढे असलेले नाक मोठे आणि मागचे कान लहान दिसतात. १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक भासते, असे अमेरिकी संशोधकांनी २०१८ साली मांडले. म्हणून छायाचित्रकार ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग लावून थोडे लांब उभे राहतात. बसणाऱ्याने खांदे जरा तिरके ठेवावेत, हनुवटी किंचित पुढे आणि खाली घ्यावी. असे बसणे अवघडल्यासारखे वाटते, छायाचित्रात मात्र जबड्याची रेषा स्वच्छ येते. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटा मंद असल्याने मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. तो आधार केव्हाच गेला, ताठरपणा तेवढा उरला! पहिली दहा-वीस छायाचित्रे त्यातच खर्ची पडतात, याची तयारी ठेवावी.

सर्वांत मोठा घात होतो तो नंतरच्या संस्करणात. मुरूम किंवा ओरखडा काढणे ठीक. तीळ, व्रण, वयाच्या रेषा आणि वर्ण यांना हात लावू देऊ नये. रंगीत फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे जे ‘शर्ली कार्ड’ वापरले जाई, त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे आणि सावळी त्वचा त्या मापात नीट बसत नसे. आजचे कॅमेरे सावळा वर्ण उत्तम टिपतात. तरीही न विचारता चेहरा उजळून देण्याची सवय अनेक स्टुडिओंत टिकून आहे, म्हणून ‘रंग बदलू नका’ हे छायाचित्रे काढण्यापूर्वीच सांगावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली गुळगुळीत छायाचित्रे याच पंक्तीतली. मुलाखत घेणाऱ्याला चेहरा ओळखू आला नाही, तर उमेदवारावरचा संशय पहिल्या प्रश्नाआधीच सुरू होतो.

व्यवहार आधी ठरवावा : किती छायाचित्रे मिळणार, संस्करण कोणते, फाइल कोणत्या स्वरूपात. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल आक्रसते; ती ई-मेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागावी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. छायाचित्र कंपनीने काढून घेतले असेल तर तो हक्क कंपनीकडे जातो आणि नोकरी सोडल्यावर ते वापरण्यासाठी तिची अनुमती लागू शकते. स्टुडिओच्या पावतीमागे बारीक अक्षरांत काही अटी छापलेल्या असतील, तर त्या पैसे देण्यापूर्वी वाचाव्यात.