कृत्रिम पित्तनलिकेची कुळकथा

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते आतड्यात पोचवणारी मुख्य नलिका जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद. खड्याने, गाठीने किंवा शस्त्रक्रियेतल्या इजेने ती बंद झाली की पित्त रक्तात उतरतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते.

तिला पर्याय म्हणून आधी धातू आजमावला गेला. 1940च्या दशकात अमेरिकेत हर्मन पिअर्स यांनी व्हायटॅलियमच्या नळ्या बसवल्या. हा मिश्रधातू दंतवैद्यकातून आलेला. शरीराने तो सोसला, पण गाळ साचून नळ्या तुंबू लागल्या. 1979मध्ये हॅम्बुर्गला, मूळच्या इंडोनेशियाच्या निब सोएहेंद्रा यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून प्लॅस्टिकची नळी आत सरकवली. आपल्याकडे नातेवाईक ‘स्टेंट टाकला’ म्हणतात तो याच वंशातला. कर्करोगाने खंगलेल्या माणसाची खाज थांबवणारा हा शोध मला फार मोठा वाटतो. मात्र प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. जंतू आतल्या भिंतीवर थर धरतात आणि पित्ताचा गाळ त्यावर बसत जातो. धातूच्या जाळीचे स्टेंट जास्त टिकतात. पण कालांतराने तुंबतात तेही.

आपल्या नलिकेचं अस्तर जिवंत असतं. त्यातल्या पेशी पित्तात पाणी आणि बायकार्बोनेट सोडून ते वाहतं ठेवतात. निर्जीव नळीला हे कुठून जमणार? 2017मध्ये केंब्रिजच्या फोटिओस सॅम्पाझिओटिस आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पित्तनलिकेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, कोलॅजेनच्या नळीत रुजवल्या आणि ती नळी उंदरांना बसवली. तिच्यातून पित्त वाहिलं. 2021मध्ये त्याच गटाने प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी यकृतांत पित्ताशयापासून वाढवलेल्या पेशी सोडल्या. त्या तिथे रुजल्या.

रुग्णांसाठी ही जिवंत नलिका अजून यायची आहे. ज्या तान्ह्या बाळांच्या पित्तनलिका बुजून जातात, त्यांना तिची फार गरज आहे. आज त्यांचा पहिला आधार म्हणजे जपानच्या मोरिओ कसाई यांनी 1955मध्ये सुरू केलेली, आतडं थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया. ती दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता वाढते. म्हणून बाळाची कावीळ दोन आठवडे उलटूनही उतरत नसेल, शी पांढुरकी होत असेल, तर माळा आणि मंत्र यांत दिवस घालवू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.