झिरोचा बल्ब ‘झिरो’ नसतो! कोणता बल्ब किती वीज खातो?

धावडा (ता. भोकरदन) : बिल जास्त आलं की आधी मीटरवर संशय जातो. पण घरातले बल्बही एकदा मोजून बघावेत. हिशेब सोपा आहे : वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट.

रोज ५ तास लावला, तर महिन्याला (३० दिवस) :

• पिवळा बल्ब, ६० वॅट : ९ युनिट
• सीएफएल, १४ वॅट : २.१ युनिट
• एलईडी, ९ वॅट : १.३५ युनिट

उजेड साधारण सारखाच, मग फरक कशाचा? पिवळ्या बल्बमधली तार तापून लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. त्यात बहुतेक वीज उष्णतेत जाते. म्हणूनच त्याला हात लावला की चटका बसतो.

देवघरात किंवा झोपताना लावतात तो जुना झिरोचा बल्बही फुकट जळत नाही. तो साधारण १५ वॅटचा असतो. रात्रभर १० तास चालला, तर महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात ०.१५ युनिट घेतो.

घरात ६० वॅटचे तीन बल्ब असतील, तर एलईडी लावून महिन्याला जवळपास २३ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटला दर चढा लागतो. ज्यांचं बिल ११०-१२० युनिटवर जातं, त्यांना हा फरक लगेच दिसेल.

घेताना हे बघा :

• फक्त वॅट नको, खोक्यावरचे ‘लुमेन’ वाचा. लुमेन जास्त म्हणजे उजेड जास्त.
• बीआयएसची खूण आणि बीईईचं स्टार लेबल आहे का?
• गावात व्होल्टेज कमी-जास्त होतं. खोक्यावर व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते. ती जितकी मोठी, तितकं बरं.
• वॉरंटी असेल तर पक्कं बिल जपून ठेवा.

केंद्राची ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि एलईडी खेड्यापाड्यांत स्वस्त झाले. तरी खर्च एकदम नको वाटला, तर सगळ्यात जास्त वेळ चालणारा बल्ब आधी बदला : स्वयंपाकघर, ओसरी, गोठा.

सीएफएलमध्ये पारा असतो. फुटला तर खिडक्या-दारं उघडा, लेकरांना लांब ठेवा आणि काचा हाताने उचलू नका. बल्ब बदलताना बटण बंद करायला विसरू नका.